रीळ हातानं बघाल का?

"हे यंत्रात नका घालू… हातानं बघाल का?"

पट्ट्यावरून बॅगा एकामागून एक सरकत होत्या, रांगेचं शेपूट विमानतळाच्या दाराबाहेर गेलं होतं, आणि हा माणूस एक पारदर्शक पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता – आत अंडी असावीत तशी. तिनं पडद्यावरची नजर काढली. उंच, सडपातळ, केस भिजलेले. बाहेर सकाळपासून रिपरिप लागली होती. येणारा प्रत्येक जण ओलसर होता आणि वैतागलेला. हा फक्त ओलसर होता.

"काय आहे त्यात?"

"रिळं. फोटोची. तुमचं हे नवं यंत्र आहे ना, सगळीकडून फिरून आतलं बघणारं… त्यातून एकदा जरी गेली तरी खराब होतात. चित्र जातं, नुसता धुरकटपणा उरतो."

"आजकाल रिळावर कोण काढतं फोटो? फोन नाही का तुमच्याकडे?"

"आहे की." तो कसंनुसं हसला. "पण फोनसमोर माझी आई बसत नाही."

मागून कोणीतरी जोरात उसासा टाकला. ती मात्र उठली, शेजारी ट्रे लावणाऱ्या लंबूला आपल्या जागी पडद्यासमोर बसवलं आणि पिशवी घेऊन बाजूच्या टेबलाशी गेली. एकेक रीळ हातात घेऊन पाहिलं, कापडाची पट्टी वरून फिरवली, पट्टी स्फोटकांचा माग काढणाऱ्या छोट्या पेटीत सरकवली. हिरवा दिवा लागला.

"झालं. निरुपद्रवी आहेत."

"कोण, रिळं की मी?"

"रिळं," ती म्हणाली. "तुम्हाला अजून तपासलं नाही."

हे आपल्या तोंडून कसं निघालं, ते तिचं तिलाच कळेना. गणवेश घातल्यापासून ती कामापुरतंच बोलायची. पडद्यावर तिची नजर अशी बसायची की कपड्यांच्या घडीत दडलेली कात्री तिला आधी दिसे आणि मालकाला नंतर आठवे. म्हणून तर सगळे तिला घार म्हणत. त्या दिवशी घारीनं पुढची एक बॅग न बघताच जाऊ दिली असती – लंबूनं खाकरून तिला भानावर आणलं.

"रीळवाला गेला. आता इकडे बघा," तो म्हणाला.

रीळवाला पुन्हा आला. मग दर महिन्या-पंधरवड्यानं येतच राहिला. दोन-तीन रिळं पिशवीत, एक गळ्यातल्या जुन्या कॅमेऱ्यात अर्धवट भरलेलं. रांगा तीन असायच्या, पण तो तिच्याच रांगेत उभा राहायचा, मग ती कितीही लांब असो. कापडाची पट्टी फिरवायची, दिवा लागायची वाट बघायची, एवढाच काय तो वेळ मिळायचा. त्या तेवढ्यात तिला तुकड्या-तुकड्यानं सगळं कळत गेलं.

तो दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. आई इथल्या वृद्धाश्रमात होती, जुन्या पाण्याच्या टाकीमागच्या. वडिलांचा पूर्वी या शहरात फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकांना बसवणं, केस सारखे करणं, माना वळवणं हे सगळं आईकडे. आता वडील नव्हते, स्टुडिओ नव्हता आणि आईच्या डोक्यातून माणसं एकेक करून उठून चालली होती. तिला आपल्या शहरी न्यायचा त्यानं एकदा प्रयत्न केला होता. चार दिवस ती दाराशी बसून रडली. मग तोच येऊ लागला.

"मला ओळखत नाही ती," तो एकदा म्हणाला – पाऊस पडतोय म्हणावं तशा आवाजात. "तिला वाटतं, मी स्टुडिओत नवीन लागलेला पोरगा आहे. पण हा कॅमेरा हातात घेतला, खट्खट् रीळ पुढे सरकवलं, की ताठ बसते. आणि मला झापते. उजेड कुठून येतोय ते बघितलंस का, म्हणते. हात थरथरतोय तुझा, म्हणते."

"मग?"

"मग काय… बरं वाटतं. कोणीतरी झापायला पाहिजे ना."

ती हसली आणि पट्टी पेटीत सरकवली.

"तुमचे डोळे लाल झालेत," तो एकदम म्हणाला. "पापण्याच मिटत नाही तुम्ही."

"मिटल्या तर कात्री निसटेल."

"मधून मधून लांब बघत जा. डोळ्यांना विसावा मिळतो."

"इथे लांबचं काय आहे? समोर भिंत."

त्यानं पिशवी उचलली, खांद्यावरची बॅग सारखी केली. "मग मी जातो त्या बाजूला बघा."

आणि तिनं बघितलं. काचेच्या दुकानांवरून, खुर्च्यांच्या रांगांवरून, वळणापर्यंत. वळणावर तो थांबला, मागे वळला, दोन बोटं आपल्या डोळ्यांशी नेऊन 'दिसतंय ना?' असं विचारल्यासारखं केलं… आणि गेला.

तो तिला नेहमी जातानाच दिसायचा. येणारी माणसं खालच्या मजल्यावरून, सामानाच्या पट्ट्याजवळून बाहेर पडायची, तिथे तिचं काम नव्हतं. या गावात तो कधी येतो, कुठून चालतो, भिजतो की छत्री उघडतो, तिला काही ठाऊक नव्हतं. एकमेकांचा नंबरही त्यांनी मागितला नव्हता. मागायला हवा, असं दोघांनाही प्रत्येक वेळी वाटायचं बहुतेक. पण मागे रांग असायची.

घरी ताईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दोघी बहिणी दोन खोल्यांत राहत. ताईचा नवरा तिला सोडून गेल्यापासून घरात पुरुषाचा विषय निघाला की ताईची इस्त्री जरा जोरात आपटायची.

"काय करतो?" ताईनं विचारलं.

"डोळे तपासतो."

"आणि तुझ्यापाशी काय करतो?"

"विमानाला जातो."

इस्त्री थांबली. "बघ बाई. जाणाऱ्या माणसात जीव अडकवून घेऊ नकोस. तो आईसाठी येतो. आई आहे तोवर येईल. पुढे काय?"

हा हिशेब तिनं स्वतःशी कधीचाच करून ठेवला होता, फक्त बेरीज वाचायला ती तयार नव्हती.

मग तक्रार झाली. कुणा प्रवाशानं लिहून दिलं की तपासणीच्या बाई एका माणसाशी गप्पा मारत बसतात आणि रांग खोळंबते. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. साहेब वाईट नव्हते. ओरडले नाहीत, उलट बसायला सांगितलं.

"तुझं नाव कायम करण्यासाठी पाठवलंय मी," ते म्हणाले. "आत्ता काही नको. हातानं तपासणी गर्दी नसेल तेव्हाच, आणि तीसुद्धा पटकन. कळलं?"

"हो, साहेब."

पुढच्या वेळी तो आला की त्याला हे सांगायचं, असं तिनं ठरवलं. एका बाजूला घेऊन, नीट. आणि त्याच निमित्तानं नंबरही मागायचा. वाक्य तिनं बसमध्ये, आंघोळ करताना, भांडी घासताना म्हणून म्हणून पाठ केलं.

तो आलाच नाही. पंधरवडा गेला, महिना गेला. आभाळ उघडायचं नाव घेईना. कपडे वाळेनात, भिंतींना ओल आली, ताईला खोकला झाला. ती रोज रांगेवर नजर फिरवायची. उंच माणूस दिसला की अर्धवट उठायची, मग तो भलताच कोणी निघायचा. लंबूनं आधी चिडवलं, मग चिडवणं बंद केलं. ते तिला जास्त लागलं.

हळूहळू काळजीचा राग झाला. एक निरोप ठेवता येत नाही? इथे येऊन लंबूजवळ सांगता येत नाही? की आपणच खुळ्यासारखं…? तो काय, रिळं वाचावीत म्हणून गोड बोलत असेल. काम झालं की वळणावरून दोन बोटं दाखवायची.

अशाच एका सकाळी तो रांगेत दिसला.

दाढी वाढलेली. तेच जाकीट, पण चुरगळलेलं. इतक्या दिवसांनी येऊनही तिच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत पुढे सरकत होता. पिशवी नव्हती, नुसता गळ्यात कॅमेरा. तिच्यापुढे आला तेव्हा तो हळूच म्हणाला,

"आत अर्धं रीळ आहे… हातानं बघाल?"

शब्द तेच होते, पण आवाजात काहीच नव्हतं. ना हसू, ना 'कशा आहात'.

तिनं मागे पाहिलं. साहेब पार पलीकडच्या टोकाला, पाठमोरे, फोनवर. रांगेत मोजकी माणसं. उठून कॅमेऱ्यावरून पट्टी फिरवायला कितीसा वेळ लागला असता?

"सगळं यंत्रातूनच जातं आता," ती म्हणाली. "नियम आहे."

"आज नको. प्लीज… आजच्या दिवस."

"तुमचं नेहमीचंच आहे हो ते."

त्यानं तेव्हा कुठे वर पाहिलं. तोंड उघडलं, काहीतरी सांगणार होता, पण मिटलं. गळ्यातून कॅमेरा काढून त्यानं स्वतःच ट्रेमध्ये ठेवला. पट्टा सरकला. पडद्यावर कॅमेऱ्याचं पोट उघडं पडलं – चक्र, स्प्रिंगा, आणि मधोमध घट्ट गुंडाळलेलं रीळ. ती बघत राहिली. पलीकडून त्यानं कॅमेरा उचलला, गळ्यात घातला आणि चालू लागला. वळणावर तो थांबला नाही.

राग संध्याकाळपर्यंत टिकला. त्यानंतर त्याच्या जागी जे आलं, त्यानं तिला जेवू दिलं नाही. 'आज नको' हे दोन शब्द कानातून जाईनात. आज म्हणजे काय? आज वेगळं काय होतं?

आठवडाभर तिनं स्वतःला समजावलं, आणि सुट्टीच्या दिवशी छत्री घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली. वृद्धाश्रमाचं फाटक लहान होतं, आत फरशी नुकतीच पुसलेली. व्हरांड्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशींना तिनं विचारलं. तिला त्याच्या आईचं नावही माहीत नव्हतं.

"त्या… फोटो स्टुडिओवाल्या आजी आहेत का इथे? ज्यांचा मुलगा विमानानं येतो?"

मावशींनी घडी तशीच मांडीवर ठेवली. "त्या गेल्या, बाई. तू कोण, सून?"

"नाही… ओळखीची."

"पोरानं केलं हो सगळं. महिनाभर इथून हलला नाही. तिथे कॉटखाली गादी टाकून झोपायचा. भरवायचा, पाठ चोळायचा. सगळं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेला विमानानं. सामान अजून पडलंय. रविवारी न्यायला येतोय म्हणाला."

ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. ज्या दिवसांत ती रांगेत त्याला शोधत होती, त्या दिवसांत तो तिच्याच शहरात होता. तिच्या घरापासून बसनं अर्ध्या तासावर, एका कॉटखाली. तो आला नव्हता असं नव्हतंच. तो गेला नव्हता.

रविवारी ती गेली तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं. कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली. तो खाली बसून ट्रंकेत स्वेटर भरत होता. तिला गणवेशाशिवाय त्यानं कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर त्याला ओळख पटली नाही. मग पटली.

"तुम्ही?"

"मावशींनी सांगितलं."

तो पुन्हा स्वेटरची घडी घालू लागला. तीही खाली बसली आणि दुसरा स्वेटर उचलला. खिडकीवर पाण्याचे ओघळ होते, खोलीत औषधाचा आणि साबणाचा वास होता.

"रीळ…?" तिनं विचारलं.

"धुतलं. घरी न्हाणीघरात अंधार करून मीच धुतो." तो स्वेटरकडे बघत बोलत होता. "राखाडी पट्टे. सगळ्या रिळावर. काही नाही आलं."

तिच्या हातातली घडी विस्कटली.

"काय होतं त्यात?"

"नका विचारू."

"नाही विचारत."

पण थोड्या वेळानं तोच सांगू लागला. "शेवटी शेवटी बोलायची बंद झाली होती. एका दुपारी ऊन पडलं. इतक्या दिवसांत तेवढंच. मी सहज कॅमेरा उचलला, तिला आवाज यावा म्हणून. तिनं मान वळवली. मला वाटलं, आता उजेडावरून झापणार. तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली… 'भोपळ्या, किती वाळलास रे.' लहानपणी फार जाड होतो मी. भोपळ्या म्हणायची. वर्ष झालं होतं तिनं मला हाक मारून. मी तसंच बटण दाबलं. दिसतही नव्हतं मला काही, डोळे भरले होते. पण तिचा चेहरा असा होता की… ओळखलेला. मला ओळखलेला चेहरा होता तो. तेवढा एक."

ती रडली नाही. रडण्याचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

"तुमच्यावर फार चिडलो होतो मी," तो म्हणाला. "अजूनही थोडा आहे. पण तुमचं तरी काय चुकलं? नियम म्हणजे नियम. साहेब असतील उभे."

वाट अशी समोर मोकळी झाली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तक्रारीचं, नोकरीचं सांगायचं होतं, आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं. तिनं हातातला स्वेटर खाली ठेवला.

"साहेब पलीकडे होते," ती म्हणाली. "त्यांची पाठ होती. मला बघता आलं असतं हातानं."

तो थांबला.

"मग का नाही बघितलं?"

"तुम्ही इतके दिवस आला नाहीत. आलात तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. मी… मी रुसले होते."

बाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला. खरा राग, तो तिनं खाली मान न घालता पाहून घेतला. मग तो ओसरला आणि तिथे काहीतरी गोंधळल्यासारखं आलं.

"रुसली होतीस?" तो म्हणाला. 'होतीस' म्हणाला, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. "माझ्यावर?"

"हो."

"पण रुसायला… माणूस रुसतो कोणावर?"

"ते तुम्हाला माहीत नाही का?"

त्यानं ट्रंकेचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"मी चुकले," ती म्हणाली. "भरून देता येण्यासारखं नाही, ते कळतंय मला. माफ करा असंही म्हणत नाही. पण दोष नियमावर ढकलून तुम्हाला पाठवलं असतं, तर ते जन्मभर खुपलं असतं. आणि तुम्ही परत यायचं कारणही आता उरलं नाही. म्हणून आत्ताच सांगते – तुम्ही आवडता मला. केव्हापासून आवडता. तुमच्या रिळांची वाट बघायचे मी."

हे सगळं एका दमात बोलून ती उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"थांब."

ती थांबली. वळली नाही.

"इतके दिवस मला एकच वाटतंय… आता माझ्यावर रागावणारं, रुसणारं, झापणारं जगात कोणी राहिलं नाही. दुकानात सगळे जपून बोलतात. शेजारी जपून बोलतात. काचेचा झाल्यासारखं वाटतं." तो उठून तिच्याजवळ आला होता. आवाज अगदी मागे, खांद्यापाशी होता. "तू फार वाईट केलंस माझं."

"हो."

"फार."

"हो."

"आणि तरी तो फोटो कसा होता ते कोणाला सांगावंसं वाटलं, तेव्हा तूच डोळ्यांपुढे आलीस. त्याचा मला जास्त राग येत होता."

आता मात्र ती रडली. त्यानं तिला जवळ घेतलं नाही. खिशातून रुमाल काढून पुढे केला, आणि तिनं तो घेताना त्याची बोटं जरा जास्त वेळ तिच्या बोटांवर राहिली. तेवढंच.

ट्रंक जड होती. दोघांनी दोन्हीकडच्या कड्या धरून ती फाटकापर्यंत आणली. मावशींनी मागून दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता दार लोटून घेतलं. पाऊस बारीक झाला होता, थांबला नव्हता. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिच्या पत्र्याखाली ट्रंक टेकवून ते बाकावर बसले.

"साखर किती?" चहावाल्यानं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती कमी घेते हे त्याला माहीत नव्हतं, तो घेतच नाही हे तिला. एवढ्या महिन्यांत त्यांनी एकमेकांसमोर कधी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

चहा आला. तो हातात कप धरून बसला, प्यायला नाही. रस्त्यावरून गाड्या चिखल उडवत जात होत्या.

"विमान किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

"संध्याकाळी."

"मग निघायला हवं."

"हवं." त्यानं फोन काढला, बराच वेळ पडद्यावर काहीतरी बघत राहिला, बोटानं दाबत राहिला. मग फोन बाकावर पालथा ठेवला आणि पहिल्यांदा चहाचा घोट घेतला.

"आता परवाचं आहे," तो म्हणाला.